भुंगा नाही, तर बी नाही

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पूर्वहंगामी लागणीचे रान तयार करायचे म्हणून आमच्या गटातल्या एका वयस्कर सभासदांच्या मळ्यात ताग बघायला गेलो होतो. ताग कमरेच्या वर गेला होता, शेंड्याला पिवळी कळी डोकावू लागली होती. मी नेहमीप्रमाणे सांगून टाकले, "आण्णा, आता थांबू नका. या आठवड्यात गाडून टाका."

आण्णा बांधावर टेकले, चंची सोडली आणि म्हणाले, "गाडतो की. पण साहेब, एक सांगा. माझा बी ताग फुलाआधी गाडायचा, शेजाऱ्याचा बी गाडायचा. मग पुढच्या साली पेरायला बियाणं येतं कुठनं?"

"दुकानातनं," मी म्हणालो.

"ते झालंच. दुकानात कुठनं येतं?"

आता खरं सांगायचं तर आपण ऊसवाली माणसं. आपले पीक कांडीवर चालते. बेणेमळ्यातला ऊस तोडला, टिपरी केली, सरीत दाबली की झाले. उसाला तुरा आला तर आपल्या कपाळाला आठी पडते, कारण तुरा म्हणजे वजनात आणि उताऱ्यात घट. फूल, पराग, माशी, बी या भानगडीत आपण कधी पडलोच नाही. त्यामुळे आण्णांच्या प्रश्नाने मी अडखळलो. पुढे थोडे वाचन केले आणि त्यात एका परदेशी रानफुलाची हकीकत सापडली. ते फूल युरोपातले, आणि बी कुठून येते हा आण्णांचा प्रश्न तिकडच्या शेतकऱ्यांना गेल्या दीडशे वर्षांत तीनदा पडला. ती हकीकत इथे देतो.

या झाडाचे नाव तांबडा क्लोव्हर. आपल्यापैकी ज्यांच्याकडे दुभती जनावरे आहेत त्यांनी रब्बीत बरसीम घास केला असेल. त्या बरसीमचा हा सख्खा भाऊबंद. एका देठाला तीन पाने, पानावर चंद्रकोरीसारखा पांढुरका पट्टा, आणि शेंड्याला गुलाबी-जांभळट गोंडा. युरोपभर कुरणांत, रस्त्याच्या कडेला, बांधावर तो आपोआप उगवतो. डेन्मार्क देशाने तर त्याला आपले राष्ट्रीय फूल मानले आहे. रानातले हे झाड तिकडच्या शेतकऱ्यांनी काही शतकांपूर्वी शेतात घेतले आणि त्यांच्या शेतीचे रूपच पालटले. इंग्लंडात सलगम, बार्ली, क्लोव्हर आणि गहू अशी चार वर्षांची फेरपालट रूढ झाली. क्लोव्हरने जनावराला चारा मिळे, आणि क्लोव्हर मोडून गहू पेरला की गहू जोमाने येई. जर्मनीत शूबार्ट नावाच्या एका शेतकऱ्याने अठराव्या शतकात क्लोव्हरचा इतका प्रचार केला, की सम्राट दुसऱ्या जोसेफने त्याला सरदारकी दिली आणि पदवीच दिली 'क्लोव्हरच्या रानाचा'. लढाई जिंकून सरदार झालेले पुष्कळ, पण घास लावून सरदार झालेला हा एकच असावा!

क्लोव्हरनंतर गहू का चांगला येतो, याचे कारण मात्र पुष्कळ उशिरा कळले. जर्मनीतल्या बर्नबर्ग या गावी (हा मुलूख बीट-साखरेचा, म्हणजे आपल्याच धंद्याचा) हेलरिगेल आणि विल्फार्थ या दोघांनी १८८६ मध्ये दाखवून दिले, की अशा द्विदल झाडांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. आपण ताग आणि धैंचा गाडतो तो याच हिशेबाने.

आता मुद्द्याची गोष्ट. क्लोव्हर पेरायचा तर बी पाहिजे, आणि त्याचे बी सहजासहजी भरत नाही.

क्लोव्हरचा गोंडा म्हणजे एक फूल नव्हे. बारकी बारकी पन्नास-शंभर फुले एकत्र बसलेली असतात. एकेक फूल हातात घेऊन पाहिले तर ते आपल्या हरभऱ्याच्या किंवा वाटाण्याच्या फुलाच्याच घाटाचे. वर एक निशाणासारखी पाकळी, बाजूला दोन, आणि खाली दोन पाकळ्या जुळून झालेली होडी. पुंकेसर आणि स्त्रीकेसर या होडीत दडलेले असतात. फरक एवढाच, की क्लोव्हरच्या पाकळ्यांचा बुडखा जुळून त्याची नळी होते. ही नळी जवळजवळ एक सेंटिमीटर लांब, आणि मध असतो तिच्या अगदी तळाशी. मधासाठी किड्याने डोके आत खुपसले की त्याच्या भाराने होडी खाली दबते, पराग आणि स्त्रीकेसर वर येऊन त्याच्या डोक्याला खालून घासतात. आधीच्या झाडाचा पराग स्त्रीकेसराला लागतो, इथला पराग किड्याच्या केसांना लागतो. किडा उडाला की होडी पुन्हा मिटते. दारावर पहारेकरी ठेवावा अशी ही व्यवस्था आहे.

बरे, झाडाचा स्वतःचा पराग त्याच झाडाला चालत नाही. आपल्याकडे सगोत्र विवाह टाळतात, तसे हे झाड स्वतःचा पराग नाकारते. वाऱ्यानेही काम होत नाही, कारण सगळे आत बंद. म्हणजे कोणीतरी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर पराग नेलाच पाहिजे.

"मग मधमाशी आहे की," असे आपण म्हणू. तिथेच ग्यानबाची मेख आहे. युरोपातल्या पाळीव मधमाशीची जीभ सहा-साडेसहा मिलिमीटरची. नळी नऊ-दहा मिलिमीटरची. खोल विहीर आणि तोकडा दोर! नळीत मध वरपर्यंत चढलेला असला, किंवा माशी नुसता पराग गोळा करायला आली, तर मधमाशीकडूनही थोडेफार काम होते, नाही असे नाही. पण जवळपास दुसरे सोपे फूल असले तर ती क्लोव्हरकडे पाठ फिरवते.

हे काम करतो तो एक गुबगुबीत, केसाळ भुंगा. इंग्रजीत त्याला बंबलबी म्हणतात. आपल्या गोठ्याच्या वाशाला भोके पाडणारा काळा सुतार-भुंगा वेगळा. बंबलबी आपल्या देशात मुख्यतः हिमालयाच्या पट्ट्यात आढळते, आपल्या भागात नाही. थंड मुलखातला हा किडा. अंगावर लोकरीसारखे केस, आणि पंखांचे स्नायू थरथरवून तो स्वतःचे अंग तापवतो. त्यामुळे ढगाळ, गार हवेत मधमाशी पेटीत बसून राहते तेव्हाही हा कामावर असतो. यांच्यातही जाती पुष्कळ. काहींची जीभ आखूड, काहींची लांब. इंग्लंडच्या बागांत आढळणाऱ्या एका जातीची जीभ बारा-पंधरा मिलिमीटर भरते. क्लोव्हरची नळी तिच्या दृष्टीने काहीच नाही.

आखूड जिभेच्या जातींपैकी एक मात्र भलतीच बिलंदर. तिची जीभ तळाला पोचत नाही, म्हणून ती दारातून जातच नाही. नळीच्या बुडाशी दातांनी भोक पाडते आणि बाहेरून मध चोरते. मागून मधमाश्या येतात आणि त्याच भोकातून उरलेला मध पितात. मध गेला, पण परागाची देवघेव झालीच नाही. आपल्याकडे कुंपण एकाने मोडावे आणि सगळ्या गावाची जनावरे आत शिरावीत, तसला हा प्रकार.

या भुंग्याचा संसार एका वर्षाचा असतो. हिवाळाभर एकटी राणी जमिनीत गाडून घेऊन झोपते. वसंतात ती बाहेर येते आणि घरासाठी जागा शोधते. बहुधा उंदराचे जुने, सोडलेले बीळ तिला पसंत पडते. तिथे ती मेणाच्या कुप्या करते, अंडी घालते, कामकरी तयार होतात. फार तर काही शेकड्यांचे हे कुटुंब. मधाचा साठा दोन-चार दिवस पुरेल इतकाच. शेवटी नवीन राण्या आणि नर जन्मतात, आणि थंडी पडली की जुनी राणी, कामकरी, नर सगळे मरतात. उरतात फक्त नव्या राण्या. म्हणून वसंतापासून शरद ऋतूपर्यंत यांना सतत फुले लागतात. मध्ये पंधरवडाभर जरी रान मोकळे पडले तरी घरात उपासमार. तिकडचे शेतकरी क्लोव्हरची पहिली कापणी चाऱ्याला घेत आणि दुसरा फुटवा बियाण्याला राखत. तोपर्यंत उन्हाळा भरात आलेला असे आणि भुंग्यांची संख्याही.

हे सगळे नुसते ऐकीव नाही. चार्ल्स डार्विनने ते मोजून पाहिले. जीवजातींच्या उगमावरचा त्याचा ग्रंथ १८५९ मध्ये निघाला, त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत हा हिशेब आहे. तांबड्या क्लोव्हरचे १०० गोंडे त्याने उघडे ठेवले. त्यांत २,७०० बिया भरल्या. दुसरे १०० गोंडे माश्या-भुंगे शिरू नयेत असे झाकून ठेवले. त्यांत एकही बी धरले नाही. एकही नाही! शेत तेच, माती तीच, पाणी तेच. उघड्या गोंड्यामागे सरासरी २७ बिया आणि झाकलेल्याला शून्य. आपल्या प्रात्यक्षिक प्लॉटवर खताची एक गोणी कमीजास्त केल्याने उत्पादन चार-दोन टनांनी हलते. इथे किडा नाही म्हणून सगळाच माल गेला.

डार्विन एवढ्यावर थांबला नाही. कर्नल न्यूमन नावाच्या एका गृहस्थांनी भुंग्यांच्या घरट्यांचा पुष्कळ अभ्यास केला होता. त्यांचे म्हणणे असे, की शेतातले उंदीर दोन तृतीयांशाहून अधिक घरटी फस्त करतात, आणि गावाजवळ घरटी जास्त सापडतात, कारण गावात मांजरे असतात. डार्विनने त्यावरून साखळी जोडली: मांजरे जास्त, तर उंदीर कमी, उंदीर कमी, तर भुंगे जास्त, भुंगे जास्त, तर क्लोव्हर जास्त. नंतरच्या मंडळींनी थट्टेने या साखळीच्या एका टोकाला मांजरे पाळणाऱ्या म्हाताऱ्या बायका आणि दुसऱ्या टोकाला इंग्रजांचे आरमार नेऊन बांधले. थट्टा सोडून द्या. पण उंदराचेच जुने बीळ घराला घ्यायचे आणि उंदरानेच ते घर लुटायचे, हा व्यवहार पाहून मला तरी गंमत वाटली.

आता दुसरा प्रसंग, न्यूझीलंडचा. इंग्लंडातून तिकडे जाऊन वसलेल्या लोकांनी जंगल तोडून कुरणे केली आणि मेंढ्या, गाईंसाठी क्लोव्हर पेरला. क्लोव्हर वाढला छान. गोंडेही भरपूर. पण बी म्हणावे तसे धरेना. मधमाश्या तिथे १८३९ मध्येच पोचल्या होत्या, तरी तांबड्या क्लोव्हरच्या बियाण्यासाठी दरसाल इंग्लंडकडे तोंड पसरावे लागे. बोटीने बी आणायचे म्हणजे पैसा जायचा, वेळ जायचा. कारण साधे होते: त्या देशात बंबलबी मुळात नव्हतीच.

मग क्राइस्टचर्च भागातल्या एका संस्थेने भुंगे आणायचे ठरवले. पहिले प्रयत्न फसले. इंग्लंड ते न्यूझीलंड म्हणजे अर्धी पृथ्वी. वाटेत विषुववृत्ताची उष्णता लागली की झोपलेल्या राण्या जाग्या होत आणि खायला काही नसल्याने मरत. तेवढ्यात न्यूझीलंडहून इंग्लंडला गोठवलेले मांस नेणाऱ्या शीतगृहाच्या बोटी सुरू झाल्या होत्या. कोणाच्या तरी डोक्यात कल्पना आली, की परत येताना या थंड खोलीतून राण्या आणाव्यात. इंग्लंडच्या केंट परगण्यात चर-नाले खणणाऱ्या मजुरांना सांगून ठेवले, की खणताना झोपलेली राणी सापडली तर आणून द्या, बक्षीस मिळेल. अशा शेकडो राण्या गोळा झाल्या. तिकडे हिवाळा असतो तेव्हा न्यूझीलंडात उन्हाळा असतो, त्यामुळे झोपेतून उठल्या तेव्हा समोर फुललेले रान तयार! १८८५ च्या सुरुवातीला दोन खेपांत मिळून ९३ राण्या जिवंत पोचल्या आणि त्यांना सोडून दिले.

त्या ९३ राण्यांनी काम केले. काही वर्षांतच भुंगे दूरवर पसरले आणि क्लोव्हरचे बी तिथेच भरू लागले. १८९२ पर्यंत तर भुंगे एवढे माजले, की ते सगळा मध पिऊन टाकतील म्हणून मधमाश्या पाळणारे कुरकुर करू लागले. पुढे १९०६ मध्ये आणखी काही राण्या नेल्या. आज तिथे चार जाती नांदतात.

तिसरा प्रसंग मात्र भुंगा असलेल्या देशात तो हळूहळू नाहीसा होण्याचा. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात रासायनिक नत्र स्वस्त झाला, गोणी फोडली की काम झाले. मग क्लोव्हरसाठी एक साल रान का अडकवायचे? फेरपालटीतून क्लोव्हर निघत गेला. फुलांची जुनी कुरणे नांगरली गेली, किंवा खत घालून नुसत्या गवताची केली. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अशी सपाट मुलखातली फुलांची कुरणे शेकडा ९७ नाहीशी झाली, असा हिशेब आहे. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. युद्धात अन्नाची टंचाई त्याने भोगली होती, आणि सरकारही 'पिकवा, पिकवा' म्हणत होते. आपणही युरियाची गोणी अशीच घरी आणली.

क्लोव्हरवर जगणाऱ्या लांब जिभेच्या जाती यात सर्वांत आधी मागे हटल्या. स्वीडनमध्ये क्लोव्हरचे बियाणे पिकवणारे शेतकरी आहेत. तिथल्या संशोधकांनी जुन्या नोंदी आणि आताच्या शेतांतली मोजणी जुळवून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडला. १९४० च्या दशकात त्या शेतांत आखूड जिभेच्या दोन जातींचे प्रमाण शेकडा ४० होते; आता ते शेकडा ८९ झाले आहे. बियाण्याचे सरासरी उत्पादन अलीकडे घटले, आणि सालोसालचा चढउतार दुपटीने वाढला. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे दुसरे जास्त वाईट. उत्पादन थोडे कमी पण ठरलेले असले तर त्या बेताने कर्ज काढता येते. एका साली भरभरून आणि दुसऱ्या साली फोल, यावर सोसायटीचा हप्ता कसा ठरवायचा? लांब जिभेचे कामकरी पाच-सहा जातींचे असताना एखादी जात एखाद्या साली कमी पडली तरी दुसरी सांभाळून घेई. आता दोघींवरच भिस्त, आणि त्याही तोकड्या जिभेच्या.

त्यात सुधारित वाणाची गोष्ट ऐका. शास्त्रज्ञांनी क्लोव्हरची गुणसूत्रे दुप्पट करून नवे वाण काढले. पाला मोठा, चारा जास्त, शेतकरी खूष. पण झाडाचे सगळेच अवयव मोठे झाले, तशी फुलाची नळीही लांबली. इकडे भुंग्याच्या जिभा आखूड झालेल्या आणि तिकडे विहीर आणखी खोल. अशा वाणांचे बी कमी भरते ही बियाणेवाल्यांची जुनी डोकेदुखी आहे.

इंग्लंडात १८८५ च्या बोटीतून ज्या जाती न्यूझीलंडला गेल्या, त्यांतली एक आखूड केसांची जात मायदेशात १९८८ मध्ये शेवटची दिसली. २००० मध्ये ती तिथून नष्ट झाल्याचे जाहीर करण्यात आले. न्यूझीलंडात मात्र ती जिवंत होती! म्हणून तिकडून परत आणायची खटपट झाली, पण ती वंशावळ अगदी मोजक्या राण्यांची. पुढची पैदास नीट होईना. मग स्वीडनहून राण्या आणून २०१२ मध्ये पन्नासएक राण्या केंट किनाऱ्यावरच्या डंजनेस इथे सोडल्या, आणि पुढेही काही वर्षे सोडल्या. त्याआधी आसपासच्या शेतकऱ्यांनी बांधाकडेच्या पट्ट्यांत पुन्हा क्लोव्हर आणि इतर फुले लावली होती. आणलेली जात काही तिथे मूळ धरू शकली नाही. पण त्या पट्ट्यांवर दुसऱ्या, दुर्मीळ झालेल्या काही जाती परत दिसू लागल्या.

हे सगळे घेऊन मी पुन्हा आण्णांच्या मळ्यात गेलो. तोपर्यंत ताग गाडून झाला होता, पण विहिरीकडच्या बांधाला चार ओळी त्यांनी राखल्या होत्या. त्या पिवळ्याधमक फुलल्या होत्या. क्लोव्हरची सगळी हकीकत त्यांनी ऐकून घेतली आणि विचारले, "मग आमच्या तागावर कोण येतं?"

मी सांगितले, की तागालाही स्वतःच्या भरवशावर बी नीट धरत नाही. फूल दाबून उघडणारा, अंगाने जड असा किडा लागतो. तो म्हणजे आपला काळा सुतार-भुंगा, आणि पाने कापून घर करणाऱ्या रानमाश्या. बोलता बोलताच एक काळा भुंगा घोंघावत आला, एका फुलावर बसला, फूल वाकले, आणि तो दुसऱ्यावर गेला.

आण्णा बघत राहिले. "अरे, हा तर आमच्या गोठ्याच्या वाशातला," ते म्हणाले. "परवाच पोरगं राॅकेल ओतायला निघालं होतं त्याच्या भोकात."

"ओतलं का?"

"राॅकेलच नव्हतं घरात." आण्णा हसले. चार ओळींपैकी दोन झाडांच्या शेंड्यांना त्यांनी सूनबाईंच्या जुन्या ओढणीचे फडके बांधून ठेवले आहे, डार्विनसारखे. शेंगा वाळून खुळखुळू लागल्या की उघड्या आणि झाकलेल्या शेंड्यांचे बी वेगवेगळे मोजायला मला बोलावले आहे.